शाहू महाराज, जॉन स्टुअर्ट मिल आणि मर्यादित सत्ता : उदारमतवादाचा गाभा कोणता?

जुना_राजारामीय (धागाकर्ते)

दर वर्षी २६ जूनला दसरा चौकात आणि शहरातल्या सभागृहांत जी भाषणे होतात, त्यांत राजर्षी शाहू महाराजांचा उल्लेख ‘उदारमतवादी राजा’ असा करण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. महाराजांच्या कार्याविषयी माझ्या मनात असलेला आदर इथल्या कोणाहूनही कमी नाही. तरीसुद्धा अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून मला वाटते की, या वर्णनाने महाराजांवरही अन्याय होतो आणि उदारमतवादावरही. महाराजांचे मोठेपण ज्यात आहे ते उदारमतवादाच्या चौकटीत पुरते मावत नाही आणि उदारमतवादाचा जो गाभा आहे तो करवीर संस्थानाच्या राज्यकारभारात नव्हता. ही मांडणी काहींना रुचणार नाही याची कल्पना आहे, म्हणूनच ती सविस्तर करतो.

राज्यकर्त्याने कोणती चांगली कामे करावीत याची यादी उदारमतवाद देत नाही. राज्यकर्ता कितीही सज्जन असला तरी त्याचा हात कुठवर पोहोचू द्यायचा, हा त्याचा पहिला प्रश्न आहे. जॉन लॉकचे राज्यविषयक निबंध १६८९ मध्ये बाहेर आले, त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका राजाला देश सोडून पळावे लागले होते. लॉकचे म्हणणे असे की, जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरील माणसाचा हक्क राज्यसंस्थेच्या आधीचा आहे; सरकारकडे जी सत्ता असते ती लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव असते, आणि विश्वासाचा भंग झाला तर ती परत घेण्याचा अधिकार लोकांकडे राहतो. कायदा करणारा, राबवणारा आणि त्यानुसार निवाडा देणारा हे तिघे एकच असले तर स्वातंत्र्य टिकत नाही, हे फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये मांडले. मिलने १८५९ मधल्या स्वातंत्र्यावरील निबंधात सीमारेषा आणखी स्पष्ट केली. एखाद्या सज्ञान माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध सक्ती करायची असेल, तर दुसऱ्याला होणारी इजा टाळणे एवढेच कारण ग्राह्य आहे. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी, हे कारण पुरेसे नाही.

आता आपल्या संस्थानाकडे पाहू. २६ जुलै १९०२ चा, सरकारी नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा हुकूम महाराजांनी विलायतेत असताना काढला आणि तो करवीर गॅझेटमध्ये छापून आला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. १९१८ मध्ये महार वतने खालसा होऊन त्या जमिनी रयतावा झाल्या आणि बलुतेदारीच्या सक्तीतून माणसे मोकळी झाली. यांतील प्रत्येक पाऊल माणसाला मोकळे करणारे होते. पण यांतील एकही निर्णय लोकनियुक्त सभागृहाने मंजूर केलेला नव्हता, एकाविरुद्धही प्रजेला स्वतंत्र न्यायालयात जाता आले नसते, आणि पुढच्या राजाने ते सगळे एका सहीने रद्द केले असते तर त्याला अडवणारे काहीही नव्हते.

गोखल्यांशी तुलना केली की हे अधिक उघड होते. भारतीय उदारमतवादाचे दोन आधारस्तंभ, न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले, हे दोघेही शाळकरी वयात कोल्हापुरात शिकले, ही गोष्ट आपण कोल्हापूरकर फारशी सांगत नाही. (तांबडा-पांढरा रस्सा मात्र सगळ्या जगाला सांगतो.) गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सक्ती लागू करायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देणारे असे ते अतिशय सावध विधेयक होते. वर्षभर चर्चा झाली, आणि १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. जे काम कायद्याच्या वाटेने जाणाऱ्या उदारमतवाद्याला ब्रिटिश हिंदुस्थानात करता आले नाही, ते पाचच वर्षांनी एका संस्थानिकाने हुकमाने करून दाखवले. म्हणून विचारतो : सत्तेला मर्यादा नसतानाही जे स्वातंत्र्य मिळाले, त्याला उदारमतवाद म्हणायचे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

भोगावतीकाठ

सर, तुमची मांडणी चोख आहे. पण ती फक्त राजवाड्याच्या दारापाशी उभी राहून केलेली आहे. मी वकिली करते, त्यामुळे माझे लक्ष सत्तेच्या दुसऱ्या ठिकाणांकडे आधी जाते.

ज्या मिलचा दाखला तुम्ही देता, त्याच मिलने त्याच निबंधाच्या आरंभी म्हटले आहे की, समाजाची जुलूमशाही ही सरकारच्या जुलूमशाहीपेक्षा अधिक जाचक ठरू शकते, कारण ती रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक तपशिलांत शिरते आणि तिच्यातून सुटायला जागाच राहत नाही. ज्या गावात खुद्द छत्रपतींना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला, त्या गावातल्या अस्पृश्याच्या स्वातंत्र्यावरची खरी बंधने दरबाराने घातलेली नव्हती. ती पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर आणि चहाच्या दुकानात होती. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खावा लागला. नंतर महाराजांच्या मदतीने त्यांनी चहाचे हॉटेल काढले, आणि तिथे महाराज स्वतः चहा घेत, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. या घटनेकडे आपण राजाच्या मोठ्या मनाची गोष्ट म्हणून पाहतो. मला त्यात एका माणसाचा व्यवसाय करण्याचा हक्क दिसतो, जो त्याला समाजाने नाकारला होता आणि जो राजसत्तेच्या पाठबळाशिवाय त्याला वापरता आला नसता.

अशा समाजात सत्तेला मर्यादा घाला, एवढेच म्हटले तर मर्यादा फक्त दरबाराला पडते. पाटील, पुरोहित आणि सावकार मोकळेच राहतात. उदारमतवादाच्या आत हा मुद्दा टी. एच. ग्रीन यांनी १८८१ मध्येच उपस्थित केला होता. त्यांच्या मते, ज्याला काही करण्याची कुवतच उरलेली नाही त्याला केवळ कोणी अडवत नाही म्हणून स्वतंत्र म्हणता येत नाही. पुढे १९५८ मध्ये आयझाया बर्लिन यांनी स्वातंत्र्याच्या या दोन कल्पना वेगळ्या करून दाखवल्या आणि दुसरीत हुकूमशाहीची बीजे असू शकतात, असा इशाराही दिला. तो इशारा मला मान्य आहे. पण त्यामुळे पहिली कल्पना एकटी पुरेशी ठरत नाही.

आपल्या संविधानाने याचा निकाल लावला आहे. मूलभूत हक्क हे सामान्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. परंतु अस्पृश्यता नष्ट करणारे अनुच्छेद १७ आणि दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्या वापरातील भेदभाव रोखणारे अनुच्छेद १५(२) ही दोन्ही कलमे थेट माणसांना आणि समाजाला बांधतात. युरोपातल्या जुन्या हक्कनाम्यांत असे काही नव्हते, कारण त्यांना त्याची गरज वाटली नव्हती. आपल्याकडचा उदारमतवाद जर कुठे स्वतःच्या पायावर उभा राहिला असेल, तर तो इथे.

जुना_राजारामीय

ताई, समाजाच्या जुलमाबद्दल तुम्ही म्हणता ते मी पूर्णपणे स्वीकारतो. किंबहुना सक्तीच्या शिक्षणाचे मिलनेही समर्थनच केले आहे. राज्याने प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा आग्रह धरावा आणि जो बाप त्यात कसूर करील त्याला माफक दंड करावा, असे तो लिहितो. म्हणजे आपल्या संस्थानातला तो एक रुपया मिलच्या विचारात अगदी चपखल बसतो. (शाळा मात्र शक्यतो सरकारने स्वतः चालवू नयेत, एका साच्याची माणसे तयार होतात, असेही तो लगोलग बजावतो. ते आपण सोयीस्करपणे विसरतो.)

माझा आक्षेप उद्दिष्टावर नाही, टिकाऊपणावर आहे. १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेत महाराजांनी ज्या तरुण नेत्याचे स्वागत केले, त्याच डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मिलचाच हवाला देऊन बजावले की, माणूस कितीही थोर असला तरी लोकांनी आपली स्वातंत्र्ये त्याच्या पायाशी वाहू नयेत, आणि संस्था उलथून टाकता येतील एवढी सत्ता त्याच्या हाती देऊ नये. थोर संस्थानिकाचे साहाय्य ज्यांनी स्वतः अनुभवले होते, ‘मूकनायक’साठी ज्यांना महाराजांकडून अडीच हजार रुपये मिळाले होते, त्यांनीच हा इशारा द्यावा, याला मी फार महत्त्व देतो. महाराज १९२२ मध्ये गेले. त्यानंतर जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करण्यासाठी माधवराव बागलांना आणि प्रजा परिषदेला १९३९ पासून चळवळ करावी लागली, ती कशासाठी? राजा वाईट होता म्हणून नव्हे. चांगल्या राजावर अवलंबून राहणे हीच अडचण होती.

शाहूपुरी_पेठ

चर्चा उत्तम चालली आहे, पण दोघांनीही लॉकच्या तीन शब्दांपैकी तिसऱ्याला हात लावलेला नाही. मालमत्ता आणि व्यापार यांचा विषय निघाला की आपल्याकडचे उदारमतवादी एकदम गप्प होतात, किंवा मग समाजवादी तरी होतात.

मी पिढीजात गुळाच्या व्यापारातला माणूस आहे. महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती देऊन बोलावले; भाव काय असावा हे दरबाराने ठरवले नाही. गुळाच्या सौद्यात आजही रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून, रंग आणि कणी बघून बोली लागते आणि ज्याला पटेल तो घेतो. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये जे सांगितले त्याचे सार हेच आहे की, कोणाला काय हवे आणि कोणाकडे काय आहे, ही माहिती हजारो माणसांत विखुरलेली असते आणि ती कोणत्याही एका कचेरीत गोळा होऊ शकत नाही. अर्थतज्ज्ञ हायेकने १९४४ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले : सगळे आर्थिक निर्णय एका केंद्राकडे गेले, की कोणी काय बोलावे आणि काय छापावे, याचेही निर्णय हळूहळू तिथेच जातात, कारण कागद, छापखाना आणि नोकरी सगळे त्याच केंद्राच्या हातात असते.

आपल्या संविधानात मालमत्तेचा हक्क सुरुवातीला मूलभूत होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढून अनुच्छेद ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. त्या वेळी भाषणस्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या मंडळींनीच ते केले, आणि फारसा कोणी निषेध केला नाही.

शिरोळचा_ऊसकरी

शेठ, तुमचा गुळाचा सौदा खुला आहे, कारण तिथे घेणारे अनेक आहेत. उसाचे तसे नाही. तोडलेला ऊस दिवसागणिक वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा पडतो. त्यामुळे जवळचा कारखाना सोडून लांब जाण्याचे स्वातंत्र्य कागदावर कितीही असले तरी शेतात ते उरत नाही. झोनबंदीच्या काळात तर ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालावा लागे. ती गेली, पण दोन कारखान्यांत २५ किलोमीटरचे हवाई अंतर ठेवण्याचा नियम राहिला, म्हणजे नवा घेणारा सहजासहजी उभा राहू नये याची सोय सरकारनेच करून ठेवली. शरद जोशींनी १९८० च्या कांदा आंदोलनापासून जे सांगितले, की शेतकऱ्याला सरकारची सूट-सबसिडी नको, सरकारने त्याच्या मानेवरचा पाय तेवढा काढावा, ते मला या बाबतीत अक्षरशः पटते.

मात्र इथेच माझी गोची होते, आणि ती मी लपवत नाही. २००९ पासून आलेली एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर, आणि ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन, या दोन्ही गोष्टी शुद्ध बाजाराच्या हिशेबात बसत नाहीत. तरी त्या काढून टाकायला आमच्या भागातला एकही ऊसकरी तयार होणार नाही. एक घेणारा आणि हजार विकणारे, अशा ठिकाणी झालेल्या कराराला स्वेच्छेचा करार म्हणायचे का, हा भोगावतीताईंनी वर सांगितलेल्या ग्रीन यांचाच प्रश्न आहे. रानड्यांनीही १८९२ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात हेच मांडले होते की, इंग्लंडच्या अर्थशास्त्राचे नियम तिथल्या परिस्थितीतून आलेले आहेत, ते इथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, आणि इथे राज्यसंस्थेला उद्योगाच्या पाठीशी उभे राहावे लागेल. तेव्हा आपल्या मातीतल्या पहिल्या उदारमतवाद्यालाच संपूर्ण मोकळीक मान्य नव्हती.

रंकाळ्यावरचा

मी विद्यार्थी आहे, विद्यापीठात राज्यशास्त्र शिकतो. सर, एक विचारायचे होते. मिलचे इजेचे तत्त्व वाचताना सोपे वाटते, पण आपल्या शहरात ते लावायला गेले की सगळेच अडते. विसर्जन मिरवणुकीतला डॉल्बी ही इजा आहे का? जून २०२३ मध्ये काही मुलांनी ठेवलेल्या स्टेटसवरून शहर बंद झाले, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि सगळ्यांचेच इंटरनेट बंद करण्यात आले; त्यात नेमकी इजा कोणी कोणाला केली, असे मानायचे?

जुना_राजारामीय

डॉल्बीचे उत्तर सोपे आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे. मिरवणुकीतला आवाज घरात झोपलेल्या रुग्णाच्या छातीवर आदळतो, त्याला तो टाळता येत नाही, आणि त्याची संमतीही कोणी घेतलेली नसते. ही मिलच्या अर्थाने सरळ इजा आहे. यात भक्तीचा संबंध नाही. तालीम मंडळे मान्य करोत वा न करोत.

दुसरा प्रश्न अवघड आहे आणि त्यासाठी मिलचेच एक उदाहरण घेतो. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, असे मत कोणी वर्तमानपत्रात छापले तर त्याला हात लावता कामा नये. मात्र तेच मत एखाद्या व्यापाऱ्याच्या दारासमोर जमलेल्या संतप्त जमावाला ऐकवले तर ती शिक्षापात्र चिथावणी ठरते. धान्याच्या जागी गूळ घाला आणि दार शाहूपुरीतले आहे असे समजा. मत एकच आहे. फरक पडतो तो इजा किती जवळ आली आहे यामुळे, आणि ऐकणाऱ्याला थांबून विचार करायला उसंत आहे की नाही यामुळे. ‘माझ्या भावना दुखावल्या’ याला मिलच्या मांडणीत इजा म्हणत नाहीत. तसे म्हटले तर जो सर्वांत लवकर चिडतो त्याच्या हाती सगळ्यांच्या बोलण्याची किल्ली जाते. जून २०२३ ला हे लावले तर माझे मत असे की, स्टेटस कितीही संतापजनक असले तरी त्यावर कायद्याने जे व्हायचे ते पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात व्हायला हवे होते. ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्या दुकानांवर दगड पडणे, ही मात्र कोणत्याही व्याख्येने इजाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६-अ रद्द करताना चर्चा, समर्थन आणि चिथावणी असे तीन टप्पे केले, आणि फक्त तिसऱ्यावर निर्बंध आणता येतो असे म्हटले. ते प्रकरण उभे राहिले, त्यामागे पालघरच्या दोन मुलींना एका पोस्टवरून झालेली अटक होती.

पण या स्वातंत्र्याला दुसरी बाजू आहे, आणि तिचाही दाखला कोल्हापुराशीच जोडलेला आहे. १८८२ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले की, अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा ते छळ करीत आहेत. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आरोपांना आधार असलेली पत्रे बनावट निघाली, आणि टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आपण ही कथा देशभक्तांच्या तुरुंगवासाची म्हणून ऐकतो, आणि छत्रपतींचा पुढच्याच वर्षी नगरच्या किल्ल्यात गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अंत झाला, हे पाहता संपादकांची काळजी निराधार होती असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही कायद्याच्या राज्यात एखाद्याची अब्रू ही त्याची मालमत्ताच असते, आणि खोट्या कागदावर ती घेता येत नाही. कागद खोटा आहे हे छापणाऱ्याला ठाऊक नसले तरीही. माझ्या मते त्या खटल्यात दोन्ही बाजूंनी उदारमतवादाचेच एकेक तत्त्व उभे होते.

एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगतो. कॉम्रेड गोविंद पानसरे उदारमतवादी नव्हते. ते आयुष्यभर कम्युनिस्ट होते आणि शाहूपुरी_पेठ यांच्या आर्थिक मतांचा त्यांनी खरपूस समाचार घेतला असता. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. जो आपल्या तत्त्वज्ञानाला विरोध करतो त्याच्या बोलण्याच्या हक्कासाठीही उभे राहावे लागते, हे उदारमतवादाचे वैशिष्ट्य त्या आठवड्यात शहरातल्या अनेक उदारमतवाद्यांना पेलले नाही. निषेधाच्या पत्रकांत ‘त्यांची मते पटत नसली तरी’ हे शब्द काय घाईने आले होते!

पन्हाळगड_वारा

इतक्या आदराने लॉक-मिल यांची नावे घेतली जात आहेत, म्हणून विचारतो : गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकने पैसे गुंतवले होते, हे खरे ना? मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, आणि आपले स्वातंत्र्याचे तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही, असे त्याच निबंधात लिहून मोकळा झाला. म्हणजे १८५९ मध्ये हे तत्त्व आपल्या आजोबा-पणजोबांसाठी नव्हतेच. ज्यांनी आपल्याला माणसांत धरले नाही त्यांचे तत्त्वज्ञान आपण डोक्यावर का घ्यावे?

भोगावतीकाठ

दादा, तुम्ही दिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या झाकून ठेवण्याचे कारण नाही. लॉकच्या सहिष्णुतेत नास्तिकांनाही जागा नव्हती, ही त्यात आणखी एक भर. पण याच परंपरेतल्या थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे लिखाण जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले, आणि त्यातून जे घेतले ते घेण्यासाठी त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली, ती गोखल्यांच्या विधेयकाच्या तब्बल २९ वर्षे आधी. हक्क हा सर्व माणसांचा आहे, असे एकदा म्हटले की म्हणणाऱ्याने मनात कोणाला वगळले होते, याने वगळलेला बांधला जात नाही. मिलवर टीका करतानाही तुम्ही ‘आम्हाला समान का मानले नाही’ असेच विचारता, आणि हा प्रश्न त्याच्याच तत्त्वातून निघतो.

शिरोळचा_ऊसकरी

ताई, एक राहिले. आमच्याकडे आजही गावकी किंवा जातपंचायत एखाद्या घराला वाळीत टाकते. उद्या त्यांनी म्हटले की, कोणाशी संबंध ठेवायचे हे आमचे स्वातंत्र्य आहे, तर उदारमतवादी काय उत्तर देणार?

भोगावतीकाठ

या धाग्यातला हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि न्यायालयेही त्यावर अडखळलेली आहेत. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये समाजबहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा जो हक्क अनुच्छेद २६ देते, त्यात धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करण्याचा अधिकारही येतो, असे बहुमत म्हणाले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळा निकाल दिला. बहिष्कृताच्या नागरी हक्कांवर गदा येते, तिथे धर्माचा कारभार संपतो, असा त्यांचा रोख होता. २०२३ च्या फेब्रुवारीत हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, जो जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

मला स्वतःला सिन्हा यांचे मत पटते, आणि त्याचे कारण पुन्हा आंबेडकरांकडे जाते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते, आणि त्यावर सभागृहात बरीच नाराजी उमटली होती. तुमच्या गावकीला मी असे सांगेन : एकट्या माणसाने शेजाऱ्याकडे जेवायला जायचे नाही असे ठरवले तर तो त्याचा खासगी प्रश्न आहे, कायद्याने त्याला जेवायला बसवता येणार नाही आणि बसवूही नये. पण पंचांनी बैठक घेऊन ठराव केला, त्या घराला किराणा द्यायचा नाही, गिरणीत दळण घ्यायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही असे फर्मान काढले, आणि जो ते मोडील त्यालाही दंड ठेवला, तर ते संबंध न ठेवण्याचे स्वातंत्र्य राहत नाही. ते कायदा करणे, तो राबवणे आणि शिक्षा देणे झाले. तिन्ही एकाच पाराखाली, आणि अपील कुठेच नाही. सरांनी सुरुवातीला माँतेस्क्यूचे नाव घेतले, ते राजवाड्याच्या संदर्भात. पारावर तर ते अधिकच लागू पडते.

व्यवहारात अडचण अशी की, या कायद्याखाली तक्रार द्यायला माणूस पुढे येतो, तेव्हा त्याला साक्षीदार मिळत नाही. कारण साक्ष देणाऱ्यालाही त्याच गावात दळण दळायचे असते. तुमच्या माहितीत असे एखादे घर असेल, तर त्यांना आधी ठरावाची तारीख, बैठकीला हजर असलेल्यांची नावे आणि कोणत्या दुकानदाराने कोणत्या दिवशी माल नाकारला, एवढे तरी लिहून ठेवायला सांगा. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडेही देता येते.